सुधारणा कशाची? – इस्त्रीच्या टेबलाच्या निमित्ताने

'सुधारणा' हा शब्द मराठी माणसाच्या फार जिव्हाळ्याचा आहे. आगरकरांनी १८८८ साली स्वतःचे पत्र काढले, तेव्हा त्याचे नावच 'सुधारक' ठेवले. त्या काळी सुधारणा म्हटली की ती रूढीची, समजुतीची, घरातल्या आणि समाजातल्या वागणुकीची असे. माणसाने माणसाशी कसे वागावे, हा तिचा विषय होता. आज हाच शब्द आपण बहुधा वस्तूंना लावतो. सुधारित बियाणे, सुधारित चूल, सुधारित शेगडी. शब्द तोच राहिला, पण त्याचा मुक्काम माणसाकडून वस्तूकडे हलला. हा बदल केवळ भाषेचा आहे, की भाषेमागच्या विचाराचाही, असा प्रश्न आम्हांस पडतो. त्याचा विचार करण्यासाठी आम्ही एक अगदी सामान्य वस्तू निवडली आहे, ती म्हणजे घरातले इस्त्रीचे टेबल. साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत हा विषय काहींना क्षुल्लक वाटेल. परंतु नीतीचे प्रश्न नेहमी मोठ्या प्रसंगांचीच वाट पाहतात असे नाही. ते रोजच्या घडीतही दडलेले असतात.

प्रथम शब्दापासून सुरुवात करू. 'इस्त्री' हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'एस्तिरार', म्हणजे ताणणे, या क्रियापदापासून आला असे गोव्याकडील अभ्यासकांनी दाखविले आहे. आमच्या माळव्यात मात्र ग्रामीण बोलीत 'स्त्री'चा उच्चारही 'इस्तरी' असा होतो, आणि त्यावरून होणारे विनोद इंदूरच्या मराठी घरांना नवे नाहीत. शब्दशास्त्राच्या दृष्टीने या दोहोंचा काही संबंध नाही. व्यवहारात मात्र तो संबंध आपण इतका घट्ट जुळवला आहे की विनोद फारसा विनोद राहत नाही.

इस्त्री घरोघर येण्यापूर्वीही कपड्यांची घडी बसवण्याची हौस होतीच. तांब्यात निखारे भरून त्याचे बूड कपड्यावरून फिरवीत. धुतलेले धोतर नीट घडी करून रात्री गादीखाली ठेवीत आणि सकाळी ते नेसून बाहेर पडत. खरी कडक घडी हवी असेल, तर कपडे परटाकडे जात. 'परीटघडी' हा आपला शब्द त्यातूनच आला. शब्द मोठा बोलका आहे. कपडा ज्याच्या अंगावर, त्याचा रुबाब. पण घडी ज्याच्या हातची, त्याचे नाव. भाषेने तेवढे तरी श्रेय त्याला दिले. पुढे पितळेची आणि बिडाची कोळशाची इस्त्री घरात आली. न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ साली विजेच्या इस्त्रीचे पेटंट घेतले होते; तिला आपल्याकडे सामान्य घरांत रुळायला मात्र पुष्कळ दशके लागली. त्याच १८८२ साली पुण्यात ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध झाले. एकाच वर्षात एक सुधारणा यंत्राची झाली आणि एक विचाराची. यंत्राची सुधारणा आज प्रत्येक घरात पोहोचली आहे. विचाराच्या सुधारणेविषयी तसे म्हणता येईल काय, याचा निर्णय वाचकांवर सोपवतो.

इस्त्री सुधारली तरी तिच्याखाली काय असावे, याचा विचार आपल्याकडे फार उशिरा झाला. जमिनीवर घोंगडी किंवा जुनी सतरंजी चौपदरी अंथरायची, वर धुवट चादर घालायची आणि वाकून बसून इस्त्री करायची, हीच पद्धत बहुतेक घरांत होती. अनेक घरांत ती आजही आहे. फार तर जेवणाचे किंवा अभ्यासाचे टेबल त्या कामाला घेतले जाते. पाश्चात्त्य देशांतही पूर्वी दोन खुर्च्यांच्या पाठींवर किंवा दोन टेबलांवर आडवी फळी टाकून काम भागवीत. इस्त्रीच्या टेबलाची पेटंटे अमेरिकेत १८५८ पासून आढळतात. परंतु ज्या सुधारणेमुळे या फळीला आजचे रूप येण्यास मोठी मदत झाली, ती सारा बून नावाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीची होती.

सारा बून यांचा जन्म १८३२च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायना राज्यात गुलामगिरीत झाला. पुढे त्या कुटुंबासह उत्तरेकडील कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन येथे राहावयास गेल्या आणि तेथे स्त्रियांचे पोशाख शिवण्याचा व्यवसाय करू लागल्या. गुलामांना साक्षर होऊ न देणाऱ्या समाजात त्या वाढल्या होत्या; लिहावाचायला त्या शिकल्या त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर. २६ एप्रिल १८९२ रोजी त्यांना इस्त्रीच्या फळीचे पेटंट मिळाले. त्यांच्या फळीचे वैशिष्ट्य असे की ती अरुंद आणि वळणदार होती. त्या काळच्या स्त्रियांच्या अंगरख्यांच्या बाह्या घट्ट व बाकदार असत, कंबरेची शिवण गोलाई घेऊन येई. सपाट, रुंद टेबलावर अशी बाही ठेवली की वरची सुरकुती जाते आणि खाली नवी पडते. बून यांची फळी बाहीच्या आत जाई, आणि उलटून घेतली की बाहीची दुसरी बाजूही तितकीच नीट बसे. १९०४ साली त्या वारल्या. आज जगातल्या असंख्य घरांत इस्त्रीच्या फळीचे एक टोक निमुळते असते, त्या आकारामागे त्यांच्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा अनुभव उभा आहे.

या कथेतून आम्हांस पहिला नैतिक धडा मिळतो, तो असा की सुधारणेचा पहिला अधिकार काम करणाऱ्याचा. बाही कोठे आवळते, शिवण कोठे उलटते, हे इस्त्री केलेला पोशाख घालून मिरवणाऱ्याला कळत नाही. ते ज्याचा हात त्या बाहीतून रोज जातो त्यालाच कळते. शासनात काम केलेल्या कोणालाही या धड्याची दुसरी बाजू ठाऊक असते. कितीतरी सुधारित साधने गावोगाव वाटली गेली आणि अडगळीत पडली. कारण ती ठरवणारे एक होते आणि वापरणारे दुसरे. वापरणाऱ्यांना कोणी विचारलेच नव्हते. घर हेही एक लहानसे राज्यच असते. तेथेही खरेदी एकाची आणि वापर दुसऱ्याचा, असा प्रकार कमी नसतो.

आता चांगले टेबल म्हणजे काय, हे थोडे पाहू. नीतीची चर्चा हवेत राहू नये, यासाठी ते आवश्यक आहे. सुती कापडाचे तंतू परस्परांशी सूक्ष्म रासायनिक बंधांनी जोडलेले असतात. ओलावा आणि उष्णता मिळाली की हे बंध सैल होतात. दाबाखाली कापड सपाट होते आणि थंड व कोरडे होताना त्याच सपाट अवस्थेत बंध पुन्हा घट्ट होतात. म्हणजे इस्त्रीचे काम तिघांचे आहे : उष्णता, वाफ आणि दाब. वाफेला खाली जाण्यास वाट नसेल तर ती कापडातच कोंडते आणि कपडा दमट राहतो. म्हणून चांगल्या टेबलाचा पृष्ठभाग जाळीचा असतो. त्यावर लोकरी घोंगडीचा किंवा नमद्याचा थर असावा. तो वाफ शोषतो आणि दाबाला किंचित दबून साथ देतो. सर्वांत वर जाड सुती कापड हवे. सुती कपड्याला सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंतची इस्त्री लागते, कृत्रिम धाग्याला ११० अंशांच्या आसपासची. त्यामुळे स्वस्त फोमचा थर किंवा नायलॉनचे आच्छादन सुती कपड्यांच्या उष्णतेला टिकत नाही. आच्छादन कडेने नाडी ओवून ताणून बांधावे. ते सरकले की कपड्यावर तिचीच चुणी उमटते. इस्त्री टेकवण्याच्या जागी जुन्या टेबलांवर ॲस्बेस्टॉसचा तुकडा असे. त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असल्याने असा तुकडा झिजलेला असेल, तर तो घरी खरवडत न बसता ते टेबलच वापरातून काढलेले बरे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट उंचीची. इस्त्री करताना हात खाली दाबावा लागतो, म्हणून टेबल कोपराच्या पातळीच्या थोडे खाली, साधारण दहा ते पंधरा सेंटीमीटर खाली असावे. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे कोपर जमिनीपासून सुमारे ९५ सेंटीमीटरवर येते. तिला ८० ते ८५ सेंटीमीटरचे टेबल सोयीचे. जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटीमीटरचे असते, म्हणून त्यावर तासभर काम केले की कंबर दुखते. जमिनीवर बसून केले तर पाठ आणि गुडघे दोन्ही. दुखणे स्वभावातून येत नाही, वयातूनही नेहमी येत नाही. पुष्कळदा ते दहा सेंटीमीटरच्या चुकीतून येते. हे ज्याला कळले आणि तरीही ज्याने घरातल्या टेबलाची उंची पाहिली नाही, त्याच्या सहानुभूतीला फारसा अर्थ उरत नाही.

येथवर सारे सोपे आहे. साधन सुधारा, कष्ट कमी होतील, आणि ते कमी करणे हे चांगलेच काम आहे. परंतु अडचण यापुढे सुरू होते. जोआन व्हॅनेक या अमेरिकन अभ्यासिकेने १९७४ साली एक शोधलेख प्रसिद्ध केला. बाहेर नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२४ साली आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करीत; मधल्या काळात धुलाईयंत्र, विजेची इस्त्री, शीतकपाट, सारे घरात आले, आणि १९६०च्या दशकात हाच आकडा सुमारे ५५ तास होता. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात याचे कारण उलगडून दाखविले. साधन सुधारले की कामाची अपेक्षाही वाढते. पूर्वी जे धोब्याकडे जात असे किंवा घरातल्या इतरांच्या हातून होत असे, ते एकट्या गृहिणीकडे आले. पूर्वी जे आठवड्याने धुतले जाई, ते रोज धुतले जाऊ लागले.

हे आपल्या घरांतही पाहता येते. कोळशाच्या इस्त्रीच्या काळी कचेरीत जाणाऱ्याचा सदरा आणि सणावाराचे कपडे, एवढ्यालाच इस्त्री होई. मग टेरिलिन आणि टेरिकॉट आले. हे कापड चुरगळत नाही, आता इस्त्रीची कटकट संपली, असे घरोघर म्हटले गेले. प्रत्यक्षात काय झाले? टेरिकॉटच्या पँटलाही धारदार चुणी हवी झाली. विजेची इस्त्री हलकी, टेबल सोयीचे. मग मुलांचे गणवेश, उशांचे अभ्रे, हातरुमाल, घरात घालायचे गाऊन, सारेच त्या टेबलावर येऊन पडले. सुधारलेल्या साधनाने वाचवलेला वेळ त्याच साधनाने परत घेतला. आपल्या देशाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळ-वापर पाहणी या बाबतीत विचार करायला लावणारी आहे. २०१९ साली विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची १० मिनिटे कमी झाली, पण पुरुषांचीही ९ मिनिटे कमी झाली. म्हणजे ओझे थोडे हलके झाले, पण वाटले गेले नाही. शिवाय २०१९च्या पाहणीनुसार दिवसभरात असे काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१ टक्क्यांहून अधिक होते, तर पुरुषांत ते सुमारे २६ टक्केच होते.

म्हणून आमचा मूळ प्रश्न असा आहे. एखाद्याचे कष्ट हलके करणारे साधन त्याच्या हाती दिले, की त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य संपते काय? की ते साधन हीच आपल्या कर्तव्यातून सुटण्याची एक सभ्य वाट असते? "एवढे चांगले टेबल आणून दिले, आता काय हवे?" या वाक्यात देणगी आहे, आणि त्याच वाक्यात ते काम कायमचे कोणाचे आहे याचा निवाडाही आहे.

यावर एक टोकाचे उत्तर असे देता येईल की साधने सुधारूच नयेत. आधी रीत सुधारावी, कामाची वाटणी न्याय्य व्हावी, मग टेबलाचे पाहू. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा वाद आपल्या पूर्वजांनी एकोणिसाव्या शतकात पुष्कळ घातला. त्या वादातून आपण निदान इतके शिकावे की दोन्ही सुधारणा एकमेकींच्या आड येतातच असे नाही. जिची कंबर आज दुखते आहे, तिला उद्याच्या समतेची वाट पाहावयास सांगणे हा तत्त्वनिष्ठेचा पोशाख घातलेला निष्ठुरपणा होय. टेबलाची उंची आज संध्याकाळी बदलता येते. रीत बदलायला पिढी लागेल. ज्याला आज संध्याकाळचे काम जमत नाही, त्याच्या पिढीच्या कार्यक्रमावर विश्वास कसा ठेवावा?

या बाबतीत गांधीजींच्या विचारांची आणि आचाराची आठवण होते. यंत्रांना विरोध करणारे म्हणून ते ओळखले जातात. पण १९२४ साली झालेल्या एका संवादात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केले होते. पत्नीला हाताने टाके घालताना शिणलेली पाहून सिंगरने ते यंत्र केले, त्यामागे प्रेम होते, असा त्यांचा आशय होता. इतिहासातला सिंगर काही आदर्श पती नव्हता, हे खरे. पण त्यामुळे गांधीजींच्या कसोटीचे मोल कमी होत नाही. पुढे १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. यंत्र हलके असावे, झोपडीत चालावे, दीडशे रुपयांहून महाग नसावे, आणि एका स्त्रीला फारसे न थकता सलग आठ तास चालवता यावे. सुधारणेच्या व्याख्येतच वापरणाऱ्या व्यक्तीचा थकवा समाविष्ट केला होता. सारा बून यांच्या फळीच्या आणि या चरख्याच्या मागची दृष्टी एकच आहे.

परंतु आम्हांस याहून अधिक मोलाचा वाटतो तो दुसराच प्रसंग. गांधीजींनी तो आत्मचरित्रात सांगितला आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत असताना धोब्याचा खर्च आणि विलंब टाळण्यासाठी त्यांनी धुलाईवरचे पुस्तक आणून ते काम शिकून घेतले. स्वतः इस्त्री केलेली पहिली कॉलर घालून ते न्यायालयात गेले, तेव्हा खळ जास्त झाल्याने ती गळत होती आणि इतर बॅरिस्टर हसत होते. १९१२ साली नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. जोहान्सबर्ग येथे त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. त्या वेळी वापरायचे उपरणे चुरगळले होते, आणि ते साधे उपरणे नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांनी गोखल्यांना दिलेली ती भेट होती. धोब्याकडे पाठवण्यास वेळ नव्हता. गांधीजींनी इस्त्री करून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा गोखल्यांना त्यांच्या वकिलीची खात्री होती, धोबीकामाची नव्हती. शेवटी आग्रह करून गांधीजींनी ते उपरणे इस्त्री केले आणि गोखल्यांची पसंती मिळवली.

रानडे, गोखले, गांधी. आधुनिक भारताच्या सुधारणेची ही तीन पिढ्यांची परंपरा त्या एका उपरण्याच्या घडीत एकत्र आली, आणि तिसऱ्या पिढीचा माणूस हातात इस्त्री घेऊन उभा होता. येथे साधन सुधारलेले नव्हते. काम कोणाचे, ही समजूत सुधारलेली होती. शिवाय या प्रसंगात त्यागाचा किंवा उपकाराचा सूर नाही. एक कसब नीट जमल्याचा आनंद आहे. घरकामाकडे केवळ ओझे म्हणून पाहणाराही त्याचा अपमानच करतो. सदऱ्याच्या खांद्यापासून कफापर्यंत सुरकुती नाहीशी होत जाते, त्यात एक समाधान असते. ते समाधान घरातल्या एकाच व्यक्तीच्या वाट्याला सक्तीने येते, तेव्हा त्याची शिक्षा होते.

घराबाहेरही या प्रश्नाचे एक टोक आहे. आपल्या शहरांत पुष्कळ वस्त्यांत कडुनिंबाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला प्रेसवाल्यांची गाडी असते. इंदुरात आपण 'कपडे प्रेसला दिले' असेच म्हणतो. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर पारा गेला असताना निखाऱ्यांनी भरलेली, चार-पाच किलोंची इस्त्री ते दिवसभर उचलतात. धूर त्यांच्या फुप्फुसात जातो आणि परीटघडी आपल्या अंगावर येते. तमिळनाडूतील तिरुवन्नामलै येथील विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीने हे दृश्य पाहिले आणि सौर विजेवर चालणाऱ्या इस्त्रीच्या गाडीची रचना केली. २०२१ साली ती 'अर्थशॉट' पारितोषिकाच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि ग्लासगो येथील हवामान परिषदेत बोलली. तिच्या सुधारणेचे मर्म असे की तिने प्रेसवाल्याला बाजूला सारले नाही. त्याचा कोळसा बाजूला सारला. घरात उत्तम टेबल घेऊन आपण प्रेसवाल्याचे गिऱ्हाईक तोडतो, तेव्हा कोणाचे कष्ट कमी झाले आणि कोणाची भाकरी कमी झाली, याचा हिशेब मनात तरी मांडला पाहिजे. या हिशेबाचे एकच उत्तर सर्वांसाठी नाही. पण गाडीवर देतो तेव्हा दरासाठी घासाघीस न करणे आणि घरी करतो तेव्हा ते काम वाटून घेणे, एवढे दोन्हीकडे शक्य आहे.

तिसरी एक वाट अशी की गरजच कमी करावी. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने मे २०२४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना दर सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून येण्याचे आवाहन केले. मूळचे आमच्याच निमाडातले, मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक चेतन सोळंकी यांच्या ऊर्जा-बचतीच्या चळवळीशी हे आवाहन जोडलेले होते. एका जोडीला इस्त्री केल्याने सुमारे २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असा त्यामागचा हिशेब होता. कल्पना उत्तम आहे. ती वीज वाचवते आणि कोणाची तरी पाठही वाचवते. परंतु चुरगळलेले कपडे घालण्याची मोकळीक सर्वांना सारखी नसते. कचेऱ्यांचे जग जवळून पाहिलेल्यास हे सांगावे लागत नाही. मोठ्या अधिकाऱ्याचा चुरगळलेला सदरा साधेपणाचा मानला जातो. त्याच्या दाराशी बसलेल्या शिपायाचा तसाच सदरा गबाळेपणाचा ठरतो. मुलाखतीस आलेल्या गरीब उमेदवाराला कोणी ऊर्जा-बचतीचे श्रेय देत नाही. ज्यांच्याकडे पाहण्याची जगाची नजर आधीच तिरकस असते, त्यांना इस्त्री ही चैन नसते, ते चिलखत असते. म्हणून सुरकुतीला प्रतिष्ठा द्यायची असेल, तर ती वरून खाली यावी लागेल. ज्यांचे काही बिघडत नाही त्यांनी आधी सुरकुत्या मिरवाव्या, आणि ज्याला परीटघडी लागते त्याला हसू नये; त्याच्या शेजारी चुरगळलेल्या कपड्यांनी आलेल्यालाही हसू नये.

या साऱ्यातून सुधारणेच्या तीन कसोट्या आम्हांस दिसतात. पहिली, ती ठरवताना वापरणाऱ्याचा शब्द अखेरचा होता काय? दुसरी, तिने वाचवलेला वेळ ज्याचा वाचला त्याच्याच हाती राहिला, की नवी अपेक्षा त्यावर येऊन बसली? आणि तिसरी, सुधारणा करणारा किंवा तिचे पैसे देणारा, ते साधन स्वतः हाती घेण्यास तयार आहे काय? पहिल्या कसोटीला उतरली नाही तर सुधारणा अडगळ होते. दुसरीला नाही उतरली तर ती नवे ओझे होते. आणि तिसरीला उतरली नाही तर ती लाच होते.

बाजारात आज मिळणाऱ्या बहुतेक टेबलांना खाली एक खटका असतो. तो दाबला की पाय पुढेमागे सरकतात आणि टेबलाची उंची बदलते. वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना ते वापरता यावे, हाच त्या खटक्याचा हेतू. पुष्कळ घरांत मात्र तो खटका एकाच खाचेत वर्षानुवर्षे अडकून गंजलेला असतो. उंची एकदाच, एका व्यक्तीच्या मापाने ठरली आणि दुसऱ्या कोणी तेथे उभे राहण्याची वेळ आली नाही. टेबल बनवणाऱ्याने आपल्याकडून सुधारणेची सोय करून ठेवली आहे. वाचकांना आम्ही एवढेच सुचवू इच्छितो की घरातल्या त्या खटक्यात तेलाचे दोन थेंब सोडावेत, टेबल आपल्या उंचीला आणावे आणि निदान आपले स्वतःचे कपडे तरी आपण इस्त्री करावे. तत्त्वचर्चेला पुढे पुष्कळ वेळ आहे.